भावाची गोळी नवऱ्याला चालेल का?

"गप बसान ऱ्हवतत. जेवाक वाढलां तरी भूक नाय म्हणतत. मोबाईलवर चाचणी केलंय, त्येच्यात डिप्रेशन इलां. मुंबयक भावजींका डॉक्टरान दिलेली गोळी आसा, तीच ह्यांका सुरू करू?" देवगड तालुक्यातल्या पंचेचाळिशीच्या आंबा बागायतदाराच्या बायकोचा हा प्रश्न. कोकणात तो वेगवेगळ्या तोंडून वरचेवर ऐकू येतो. अशा अनेक घरांतले तपशील एकत्र करून हे उदाहरण रचलं आहे.

उत्तर आधीच सांगतो: नको. भावाला ती गोळी लागू पडली असेलही. पण उदास दिसणाऱ्या दोन माणसांचा आजार एकच असतो असं नाही.

मोबाईलवरची चाचणी बहुतेक वेळा पीएचक्यू-९ असते. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दादांचे, म्हणजे या बागायतदाराचे, आले १७. ऐकून घर घाबरलं. पण ते १७ आले कुठून? झोप ३, थकवा ३, भूक २, लक्ष न लागणं २. म्हणजे दहा गुण शरीराच्या तक्रारींचेच झाले. थायरॉइड मंदावला, रक्त कमी झालं, साखर वाढली किंवा दारू रोजची झाली, तरी हेच रकाने भरतात. त्रास किती आहे ते चाचणी सांगते. कशामुळे आहे ते सांगत नाही. म्हणून आधी हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर, बी-१२ तपासायचं, आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवायच्या. गुडघेदुखीसाठी आणलेल्या पुड्यासुद्धा, कारण काही पुड्यांत स्टेरॉइड असतं आणि तेही मन बिघडवतं.

दादांचे रिपोर्ट सरळ आले. दारू होती, आठवड्यातून तीनदा क्वार्टर. इथे 'किती'इतकंच 'आधी काय' हे महत्त्वाचं. उदासी आधी आणि पिणं नंतर वाढलं, की उलट? तारखा कुणाला आठवत नाहीत, सण आठवतात. म्हणून दत्तजयंती, संक्रांत, शिमगा असे खुंटे मारत मागे जायचं.

तसं मागे गेल्यावर वेगळंच चित्र दिसलं. वाडीत सगळे म्हणत होते, "आंबो गेलो म्हणान मनावर घेतल्यान." पण दादा अंथरुणाला खिळले होते दत्तजयंतीपासून. बोंगे, म्हणजे मोहोराचे कोंब, फुटताना करायची फवारणी त्यांनी केलीच नाही, पुढच्याही चुकल्या, तुडतुडा या किडीने मोहोर काळा पडला तो त्यानंतर. माणूस आधी आजारी पडला, बाग नंतर गेली. नुकसानीमुळे मन खचलं असतं तर क्रम उलटा दिसला असता. शिवाय अशा खचण्यात माणूस मधेमधे सावरतो, भाचरं आली की हसतो, देणेकरी आला की पुन्हा कोमेजतो. दादांचं तसं नव्हतं. दिवसभर, जवळजवळ रोज, एकसारखं. दुपारीही झोप, रात्री दहा तास झोप, तरी उठवत नाही.

उदासी दिसली की तिच्या उलटं कधी घडलं होतं का, हे विचारायलाच हवं. निदान सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. "कधी खूप आनंदात होतात का?" असं विचारलं की उत्तर "नाय" येतं, कारण त्या दिवसांना कुणी आजार म्हणत नाही. प्रश्न असा हवा: "कधी चार-पाच दिवस किंवा त्याहून जास्त, दोन-तीन तास झोपूनही दमायला झालं नाही, असं घडलंय?"

वहिनी, म्हणजे दादांची बायको, थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, दोन वर्षांमागे गणपतीत आठ-नऊ दिवस डोळ्याला डोळा नव्हता. रात्रभर भजनं, दिवसा फोनवर फोन, बोलणं कुणाला आवरेना. तीन बागा कराराने घेतल्या, जुना टेम्पो घेतला, त्यासाठी वहिनींच्या पाटल्या गहाण पडल्या. लोक म्हणाले, दादा रंगात आलेत. घरात एका चुलत्यांचंही डोकं "मधेच फिरायचं".

झोपेची गरजच कमी होणं, अंगात भरलेला उत्साह, पैशाचा सुटलेला हात, रक्ताच्या नात्यातला तसाच इतिहास: हे सगळं एकत्र आलं की बायपोलर आजाराची, म्हणजे कधी उदासी तर कधी अतिउत्साह अशा दोन टोकांच्या आजाराची, शंका घ्यायची. पक्कं निदान मानसोपचारतज्ज्ञाचं. अशा माणसाला नुसती नैराश्याची गोळी दिली तर तो उसळून दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो, किंवा मन काळं आणि अंगात मात्र बेचैन ताकद, अशी मिश्र अवस्था येऊ शकते. ती जिवावर बेतणारी असते. म्हणून भावाची गोळी नको.

त्याला मनःस्थिती स्थिर ठेवणारी औषधं लागतात. लिथियम ठरलं तर रक्तातली पातळी, थायरॉइड आणि किडनी ठरावीक काळाने तपासावी लागते. एप्रिलच्या उन्हात बागेत घाम गाळून पाणी कमी पडलं, किंवा अंगदुखीला आयबुप्रोफेन घेतलं, तर ती पातळी चढते. बागायतदाराने हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावं.

नवव्या प्रश्नाला दादांनी १ दिला होता, म्हणजे मरणाचे विचार काही दिवस येऊन गेले होते. इथे आडून विचारू नये. "जीव द्यावा असं मनात येतं का? कसं करायचं ते ठरवलंय का?" असं विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही, माणूस बोलता होतो. पडवीत फवारणी पंपामागे कीटकनाशकाच्या अर्ध्या बाटल्या उभ्या होत्या. त्या त्याच दिवशी शेजारच्या घरी कुलपात गेल्या, किल्ली दादांच्या हाताला लागणार नाही अशी. विचार पक्का असेल तर माणसाला एकटं न सोडता थेट रुग्णालयात न्यावं. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक चालतो, मराठीत बोलता येतं.

देवाकडे गाऱ्हाणं घालायचं असेल तर घालावं, डॉक्टरांची तारीख मात्र चुकवू नये. जाताना एका कागदावर चार ओळी न्याव्यात: त्रास कुठल्या सणापासून, दारू कधीपासून आणि किती, घरात आणखी कुणाला असं झालं, आणि ते गणपतीतले आठ-नऊ दिवस. शेवटची ओळ वहिनींनीच लिहावी. दादांना ते दिवस चांगलेच आठवतात, पण चांगले दिवस म्हणून.