‘येतो मॅडम’ म्हणून ती निघाली

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की समोरच्याने तोंड उघडायच्या आत ओळखते: “मॅडम, इंग्लिश येतं ओ, पण त्यांचं बोलणं कळत नाही.” आयटीतली पोरं, इंग्लंडात लीड्सला निघालेल्या सुना, सगळ्यांचं हेच. त्यातल्या एकीची गोष्ट सांगते. तिला मधुरा म्हणू. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मधुरा कागलची, मराठी माध्यमातून शिकून इंजिनीअर झालेली, शिरोलीच्या एका फौंड्रीत एक्स्पोर्टचं बघणारी. कास्टिंगमधला ब्लोहोल, म्हणजे ओतकामात राहिलेली पोकळी, इंग्रजीतून बिनचूक समजावायची. अडायचं ते त्याआधीच्या दोन मिनिटांत. इंग्लंडचा ग्राहक व्हिडिओ कॉलवर आला की म्हणायचा, “यू ऑलराइट?” हिला वाटायचं, आपण आजारी दिसतोय. एकदा तिने आपल्या ॲसिडिटीचं सविस्तर सांगितलं. पुढे एक अमेरिकन ग्राहक रिजेक्शनच्या विषयावर म्हणाला, “लेट्स टेबल इट,” आणि हिने लगेच रिपोर्ट उघडून वाचायला घेतला. साहेब सगळ्यांदेखत हसले. तेव्हापासून कॉलच्या दिवशी सकाळपासून पोटात गोळा.

पहिल्याच भेटीत तिने पिशवीतून वाक्प्रचारांचं जाडजूड पुस्तक काढलं. दोनशे पाठ होते.

“उरलेले झाले की भीती जाईल?”

“जाईल की.”

“दोनशेंनी किती गेली?”

गप्प.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारी. माणूस घटनेने तेवढा मोडत नाही, जेवढा घटनेनंतर स्वतःशी जे बोलतो त्याने मोडतो. मधुराचं ते वाक्य बाहेर यायला तीन भेटी गेल्या: “एवढंही कळत नाही, म्हणजे मी अडाणीच.” मी युक्तिवाद केले. ती मान डोलवायची आणि पुढच्या आठवड्यात तेच वाक्य घेऊन परत यायची.

चौथ्या भेटीनंतर पर्स खांद्याला लावून ती दारात गेली. “येतो मॅडम.”

“थांब. काय म्हणालीस?”

“येतो म्हटलं.”

“मुलगी असून येतो? आणि निघालीयस तर जायला!”

ती बघतच राहिली.

“एखादा गोरा मराठीचं व्याकरण घोटून कोल्हापुरात आला, त्याला हे कळेल?”

“नाही कळणार.”

“मग तो अडाणी?”

“अडाणी कशाला ओ? त्याला कुणी सांगितलंच नसणार...”

वाक्य अर्ध्यातच राहिलं. हात कडीवर तसाच. मग खुदकन हसली आणि पर्ससकट परत येऊन बसली. पुढची वीस मिनिटं आम्ही भेटीच्या वेळेबाहेर बोललो. सापळा मी रचलेला नव्हता. पण इतक्या वर्षांत कान तेवढे तयार झालेत, एवढं म्हणेन.

तेव्हाच तिला ‘टेबल’ची गंमत सांगितली. ब्रिटिश माणूस हे म्हणतो तेव्हा विषय आत्ता चर्चेला घ्यायचा असतो. अमेरिकन म्हणतो तेव्हा बाजूला ठेवायचा. दुसऱ्या महायुद्धात या एका शब्दावरून दोन्हीकडचे अधिकारी बराच वेळ भांडले, आणि दोघांना हवं होतं एकच! चर्चिलने हे लिहून ठेवलंय. इंग्रजी ज्यांच्या घरची, त्यांची ही कथा.

पुस्तक मी बंद करायला लावलं. त्याऐवजी वही: कोण, कधी, काय म्हणालं आणि समोरच्याने काय उत्तर दिलं. अर्थापेक्षा उत्तर महत्त्वाचं. “यू ऑलराइट?”ला “यस, यू?” एवढंच पुरतं, आपल्या ‘जेवलासा काय?’ला कुठे कुणी भाजी-आमटी सांगत बसतं? लीड्सवाल्यांना आणखी एक सांगते. आपल्याकडे दोनदा ‘नको’ म्हटलं तरी ताटात पांढरा रस्सा पडतोच. तिकडे चहाला पहिल्यांदा ‘नको’ म्हणालात, तर बहुधा चहा मिळत नाही. हवा असेल तर लगेच हो म्हणा.

आणि आठवड्यातून एकदा, कळलं नाही की तिथल्या तिथे विचारायचं. लाज वाटली तरी. किंबहुना वाटते म्हणूनच. एलिस एकोणीस वर्षांचा असताना न्यूयॉर्कच्या बागेत शंभरेक अनोळखी बायकांशी मुद्दाम बोलला. हाती काही लागलं नाही, भीती मात्र गेली.

मधुराने इंग्लंडवाल्याला ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे काय ते विचारलं. अंदाजे आकडा, तो म्हणाला. बॉलपार्कच का, हे विचारल्यावर हसला. शब्द बेसबॉलचा आणि त्याने जन्मात बेसबॉल पाहिलेला नव्हता.

शेवटच्या भेटीला हे सांगून ती उठली. “येतो मॅडम.” मी म्हटलं, “ये.” आठ महिने झाले, अजून आलेली नाही.