एकाहत्तरच्या युद्धात पाणबुडीवर असताना भीती वाटायची का?

तुमचा मुलगा पाणबुडीसाठी नाव देतोय, म्हणून तुम्ही विचारलंय की युद्धाच्या काळात आत राहणं कसं होतं आणि भीती वाटायची का. भीतीचं नंतर बघू. प्रश्नाच्या शेवटी तुम्ही 'तसंही १९७१ ला आपल्या पाणबुड्यांनी काही बुडवलं नव्हतं ना?' असं जोडलंय, त्यासाठी लिहायला बसलोय. माझा मेव्हणा पायदळातला. गेली पन्नास वर्षं घरातल्या प्रत्येक लग्नात, पंगत उठली की तो विचारतो, "भावोजी, तुम्ही नक्की बुडवलंत काय?"

मी फॉक्सट्रॉट जातीच्या पाणबुडीवर इलेक्ट्रिकलला होतो, अरबी समुद्रात. बोटीचं नाव लिहीत नाही. ९१ मीटर लांबी, पंच्याहत्तरेक माणसं आणि पायाखाली बॅटरीचे ४४८ सेल. माझं काम त्या सेलांवरून पालथं सरपटत जायचं, टॉर्च तोंडात धरून हायड्रोमीटरने ॲसिडची घनता बघायची आणि आकडा ओरडून सांगायचा. ॲसिडने सगळ्या कपड्यांची चाळण झालेली. रात्री स्नॉर्केल, म्हणजे हवा घ्यायची नळी, पाण्यावर काढून डिझेलवर चार्जिंग. लाटेने स्नॉर्केलचं तोंड बंद झालं की इंजिनं आतलीच हवा ओढायची आणि झोपलेली माणसं कान धरून उठायची.

एका रात्री चार्जिंगला तासभर झाला असेल-नसेल, सोनारवाल्याने प्रोपेलरचा आवाज सांगितला. डिझेल बंद, स्नॉर्केल खाली, आवाज नको म्हणून पंखेही बंद. आता चार्जिंग थांबलं तरी बॅटरी लगेच शांत होत नाही, हायड्रोजन सोडत राहते. चार टक्क्यांच्या वर गेला की एक ठिणगी पुरते. आमचा पेटी ऑफिसर मीटरसमोर उभा. बोलायचं नाही, म्हणून तो बोटांनी टक्के दाखवत होता. एक बोट. बऱ्याच वेळाने दोन. मग तिसरं, पण अर्धं दुमडलेलं. ते दुमडलेलं बोट मला अजून दिसतं. नखात ग्रीस होतं.

कॅप्टन पेरिस्कोपला. पुढे टॉर्पेडो तयार. पण व्यापारी जहाज असेल तर पक्की ओळख पटल्याशिवाय हात लावायचा नाही, असा हुकूम होता. ओळख काही पटली नाही. आवाज लांब गेला, पंखे सुरू झाले, ते बोट खाली आलं. मेव्हण्याच्या हिशेबात त्या रात्री आम्ही काही केलंच नाही.

त्याला मी एकदा गाझी या पाकिस्तानी पाणबुडीचं विचारलं होतं. ती विशाखापट्टणमसमोर ३ डिसेंबरच्या रात्री सगळ्या माणसांनिशी बुडाली. कशी, यावर अजून वाद घालतात. तिने आपलं एकही जहाज बुडवलं नव्हतं, तरी तिच्या धास्तीने आपल्याला विमानवाहू विक्रांत अंदमानात नेऊन ठेवावी लागली. मग गाझीने काय केलं म्हणायचं? त्यावर तो म्हणाला, "ते वेगळं." काय वेगळं, ते आजवर सांगितलेलं नाही.

आपल्या खुकरी या युद्धनौकेवर मात्र मी त्याच्याशी कधी बोललो नाही. ९ डिसेंबरला दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने ती बुडवली. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक गेले. त्यातला एक जामनगरला वालसुरात, नौदलाच्या इलेक्ट्रिकल प्रशिक्षण केंद्रात, माझ्या शेजारच्या खाटेवर असायचा. माझ्याकडून इस्त्री न्यायचा, परत द्यायचा नाही. बातमी कळली तेव्हा रडू आलं, आणि त्याच रात्री डोक्यात आलं की हंगोरवरही कुणीतरी आमच्यासारखाच सेलांवर पालथा पडून आकडे सांगत असेल. याची लाज वाटते, पण आलं खरं.

तर भीती. ड्यूटीवर वाटत नाही, वेळच नसतो. बंकवर पडल्यावर वाटते, आणि बंकही दुसऱ्याच्या घामाने ओला असतो. मुलाला जाऊ द्या. पाणबुडीत कुणाला ढकलून पाठवत नाहीत, स्वतः नाव द्यावं लागतं. त्याने दिलंय म्हणजे त्याचं ठरलंय. फक्त परत आल्यावर 'काय बुडवलंस' हे विचारू नका, एवढं माझ्यासाठी करा.

हेही सांगायला हवं की मी ज्युनिअर होतो. पेरिस्कोपमधून मी काहीच पाहिलं नाही, वरचं सगळं खालून ऐकलेलं. शिवाय आताच्या स्कॉर्पीन पाणबुड्या फार वेगळ्या. अंघोळीचं आणि डिझेलच्या वासाचं आमचं रडगाणं तुमच्या मुलाला लागू पडेलच असं नाही.

मेव्हण्याला मी विशाखापट्टणमला कुरसुरा ही फॉक्सट्रॉट पाणबुडी दाखवायला नेलं होतं. ती आता समुद्रकिनाऱ्यावर संग्रहालय म्हणून ठेवलीय. पहिल्याच दरवाजात त्याचं डोकं आपटलं. पुढे मुकाट्याने चालला, दहा मिनिटांत बाहेर आला आणि म्हणाला, "तुमची ती बॅटरी कुठे दिसली नाही?" मी म्हटलं, "त्यावरूनच चालत होतास." "हो का," म्हणाला.

पुढच्या लग्नात पंगत उठली आणि परत तेच विचारलं.