पट्टा झटकल्याने भुंकणं वाढतंच

प्रश्न : आमचा तीन वर्षांचा कुत्रा घरात शांत असतो. बाहेर दुसरा कुत्रा दिसला की मात्र पट्टा ताणून भुंकत सुटतो. खाऊ पुढे केला तर ढुंकूनही बघत नाही. ओरडून, पट्टा झटकून पाहिला. प्रकार वाढतच चाललाय.

उत्तर : पट्टा झटकणं आजपासून बंद करा. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, म्हणून भ्यायलेला कुत्रा बहुधा भुंकूनच समोरच्याला हटवू पाहतो. नेमका तेव्हाच मानेला हिसका बसला, तर दुसरा कुत्रा दिसला की दुखतं, एवढंच त्याच्या मनात पक्कं होतं.

तो खाऊ नाकारतो तो हट्टाने नाही. दुसऱ्या कुत्र्यापासूनचं अंतर कमी पडतंय. मोकळ्या जागी ३० मीटरवरून सुरुवात करा, गरज पडली तर आणखी मागे जा. दुसरा कुत्रा दिसूनही तो तुमच्याकडे मान वळवू शकला आणि खाऊ हळुवार घेतला, तर अंतर बरोबर आहे. अंग ताठ, तोंड घट्ट मिटलेलं, नजर खिळलेली, किंवा खाऊ घेताना बोटांना दात लागले, तर लगेच मागे वळा.

आता क्रम. समोरचा कुत्रा आधी दिसला पाहिजे, खाऊ त्यानंतर. वाटाण्याएवढे, त्याला सर्वात आवडणारे २०-३० तुकडे जवळ ठेवा. त्याने पाहिलं की एक सेकंद थांबून द्यायला लागा, समोरचा दिसेनासा होईपर्यंत एकामागून एक देत राहा आणि तो गेला की बंद. इथेच बहुतेकांचं चुकतं : कुत्रा येताना दिसला की मालकाचा हात आधीच पिशवीत जातो. मग खाऊची पिशवी हाच धोक्याचा इशारा ठरतो आणि पिशवी वाजली की तो घाबरून आजूबाजूला शोधू लागतो.

एका वेळी पाच-दहा मिनिटांचा सराव पुरे. समोरचा दिसताच तो आपणहून तुमच्याकडे बघू लागला, की अंतर एक-दोन मीटरने कमी करा. एखाद्या दिवशी भुंकाभुंकी झालीच, तर अंगातला ताण लगेच उतरत नाही. पुढचे एक-दोन दिवस सराव नको. शांत वेळी न्या आणि मनसोक्त हुंगू द्या. साखळी-कॉलरऐवजी छातीवर वाय आकाराचा हार्नेस आणि दोन-तीन मीटरचा साधा पट्टा वापरा. आपोआप गुंडाळला जाणारा नको, तो सतत ताणलेला राहतो.

प्रश्न : आमची आठ वर्षांची कुत्री हल्ली पाहुण्यांवर गुरगुरते. रागावून ही सवय मोडावी का?

उत्तर : अजिबात नाही. गुरगुरणं ही चावण्याआधीची सूचना आहे. ती दाबली तरी भीती तशीच राहते, आणि मग कुत्रा सूचना न देता चावू शकतो. या वयात स्वभाव अचानक बदलला, तर आधी पशुवैद्यांकडून सांधे, दात, कान तपासून घ्या. दुखणं असेल तर कितीही सराव केला तरी फरक पडणार नाही. भीती तीव्र असल्यास ते फ्लुओक्सेटिनसारखं औषध देऊ शकतात. त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून मनाने बंद करू नका. तोवर पाहुणे येण्याआधीच तिला चघळायला काहीतरी देऊन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि दार नीट लावून घ्या.