'बस' : शब्द गेला, प्रत्यय उरला

प्रश्न असा आहे : गाडी या अर्थाचा 'बस' आणि आपलं 'बसणे' यांचं काही नातं आहे का? आणि विजेच्या 'बसबार'मधला, संगणकाच्या 'डेटा बस'मधला बस कुठला?

'बसणे'शी नातं नाही. ते संस्कृत 'उपविश्'पासून प्राकृतातून आलं. जुन्या मराठीतलं 'बैसणे' ही त्याची मधली पायरी. 'बस झालं' मधला बस तिसराच, फारसीतून आलेला, 'पुरे' या अर्थाचा.

गाडीचा बस मुळात लॅटिन. 'ओम्निस' म्हणजे सर्व. त्याचं चतुर्थीचं अनेकवचन 'ओम्निबुस', म्हणजे सर्वांसाठी. फ्रान्समधल्या नांत शहरात १८२६ साली स्तानिस्लास बोद्रीने भाडं देईल त्या कोणालाही बसता येईल अशी घोडागाडी सुरू केली आणि अशा गाड्यांना हे नाव पडलं. ४ जुलै १८२९ रोजी जॉर्ज शिलिबिअरने ती लंडनमध्ये आणली : पॅडिंग्टन ते बँक, तीन घोडे, २२ उतारू. पुढच्या काही वर्षांतच लोकांनी 'ऑम्निबस'चं 'बस' करून टाकलं.

आता ही काटछाट नीट पाहा. 'फोटोग्राफ'चा 'फोटो' होतो, 'टेलिफोन'चा 'फोन' होतो. उरलेल्या तुकड्याला मूळ भाषेत स्वतःचा अर्थ असतो. इथे मात्र अर्थ सांगणारं 'ओम्नि' गेलं आणि नुसता विभक्तिप्रत्यय उरला. 'सर्वांसाठी'मधलं 'साठी' तेवढं ठेवून गाडीला 'साठी' म्हणावं, तसं हे झालं. त्यातही गंमत अशी की हा '-बुस' आणि संस्कृत 'सर्वेभ्यः'मधला '-भ्यः' हे एकाच कुळातले. म्हणजे शाळेत पाठ केलेल्या 'देवेभ्यः'चा भाऊबंद रोज थांब्यावर येऊन उभा राहतो.

'बसबार' हाही मुळात 'ऑम्निबस बार'. विजेच्या पॅनेलमधली तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची जाड पट्टी : पुरवठा तिच्यावर येतो आणि सगळे फीडर, म्हणजे वीज पुढे नेणाऱ्या वाहिन्या, तिच्यावरूनच निघतात, म्हणून ती 'सर्वांसाठी'. तिला 'बझबार' म्हणणं चूक. तिचा गुणगुणण्याशी संबंध नाही. संगणकातली बसही त्याच कल्पनेची : प्रोसेसर, मेमरी वगैरे भागांनी सामाईक वापरायची वाट. मूळ अर्थ गाडीइतकाच या दोन ठिकाणी शाबूत आहे.

अनेकवचनात घोळ होतो. इंग्रजीत 'रेडियस-रेडिआय'च्या चालीवर कोणी 'ऑम्निबाय' करतं. ते चूक, कारण इथला 'अस' प्रथमेचा नाही, शब्द आधीच चतुर्थीच्या अनेकवचनात आहे. मराठीत 'गाडी'मुळे बस स्त्रीलिंगी झाली. पण 'वीट-विटा'सारखं 'बसा' केलं तर ती आज्ञा होते, आणि 'म्हैस-म्हशी'सारखं 'बशी' केलं तर चहाची बशी. म्हणून इंग्रजी प्रत्ययासकट 'बसेस' रुळलं. माझा कल 'बसगाड्या'कडे. बोलताना तर 'दोन बस आल्या' हेच उत्तम, अनेकवचन क्रियापद सांगतंच.