जागरण नव्हे, जागल

जालन्याच्या एका वाचकाने विचारलंय: 'नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये "जागृत राहा", "सावध असा", "सिद्ध असा" असं तिन्ही ऐकलं. अर्थ एकच का? आणि आमची आजी "बाबा, जागलीवर राहा" म्हणते, ते चूक का?'

आधी आजीचं. चूक मुळीच नाही. मला तर चारही शब्दांत तिचाच शब्द मूळ अर्थाला जास्त जवळचा वाटतो.

बायबलच्या नव्या करारात 'जागृत राहा' येतं तिथे बहुतेक वेळा मूळ ग्रीक क्रियापद 'ग्रेगोरेओ' असतं. ग्रेगरी हे नाव त्यातूनच आलं. 'उठवणे' या अर्थाच्या धातूपासून ते तयार झालंय, आणि प्रभूला मेलेल्यांतून उठवलं हे सांगायलाही तोच धातू येतो. मला हे नातं फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे जागणं दोन तऱ्हेचं. जागरण म्हणजे खंडोबाचं, देवीचं. रात्र भक्तीत घालवायची, पहाटे ते पुरं होतं. जागल वेगळी. ज्वारी हुरड्यात आली की घोंगडी, काठी, बॅटरी घेऊन माणूस जागलीला जातो, कारण रानडुकरं आणि रोही (नीलगाई) कधी शिरतील याचा नेम नाही. गाव राखणारा तो जागल्या. जागलीत राखायला काहीतरी असतं, आणि ते ज्याचं आहे त्याला जाब द्यायचा असतो.

मार्कच्या 13व्या अध्यायात हेच चित्र आहे. घरधनी परदेशी गेलाय, द्वारपाळाला जागं राहायला सांगून गेलाय. तो संध्याकाळी येईल, मध्यरात्री, कोंबडा आरवताना की सकाळी, ठाऊक नाही. हे रोमी पद्धतीचे रात्रीचे चार पहारे. आपल्या रात्रीचे प्रहरही चारच, आणि आपला 'पहारा' हा शब्द 'प्रहर'वरूनच आलाय.

मग झोपायचंच नाही का? मत्तयाच्या 25व्या अध्यायातला दहा कुमारींचा दाखला नीट वाचा. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणींना डुलकी लागली, शहाण्या पाचजणींनासुद्धा. फरक पडला तो तेलाने. आणि तरीही दाखल्याचा शेवट 'जागृत राहा' असाच आहे. जागलीला शेतातल्या माळ्यावर (मचाणावर) बसलेल्या माणसाचाही डोळा लागतो, पण कान जागा असतो आणि बॅटरी उशाशी असते.

आता 'सावध'. स + अवधान, म्हणजे लक्ष देऊन असलेला. याच जालना जिल्ह्यातल्या जांबचे समर्थ रामदास बोहल्यावर 'सावधान' ऐकून निघून गेले, ही कथा आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. पण बोलीत आणखी एक अर्थ आहे: 'रात्री बेशुद्ध होता, आता सावध झालाय.' पेत्राच्या पहिल्या पत्रात (5:8) सावध असण्यासाठी जो ग्रीक शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ 'न प्यालेला, शुद्धीवर असलेला' असाच आहे. त्याला लागूनच 'जागे राहा' येतं. शुद्धीवर असणं आधी, राखण नंतर. म्हणून हे दोन शब्द एक नव्हेत.

'सिद्ध' म्हणजे तयार, एवढंच. आज 'सिद्ध' म्हटलं की साधुपुरुष आठवतो, म्हणून मुलांना शिकवताना मी 'तयार' म्हणेन.

'जागृत'बद्दल थोडं. संस्कृत व्याकरणाने रूप 'जागरित' होतं, पण मराठीत 'जागृत' इतकं मुरलंय की ते बदलायला जाऊ नये. शिवाय 'जागृत देवस्थान'मुळे तो शब्द आपल्याकडे देवाकडेच जास्त वळतो. माणसासाठी 'जागरूक' बरा. त्यातला प्रत्यय सवय, स्वभाव दाखवतो, एका रात्रीपुरतं जागणं नव्हे.

तेव्हा छापायला 'जागरूक राहा' चालेल, पण घरच्या प्रार्थनेत आजीचंच वाक्य राहू द्या. आमच्याकडे 'जागलीला जाणं' ऐकलंय, 'जागलीवर राहणं' तुमच्याकडूनच पहिल्यांदा कळलं. अंबड-घनसावंगीकडे कोणतं रूप चालतं, हे आजीला विचारून जरूर कळवा.