किलीमांजारोआधी माउंट मेरू करावा का?

सह्याद्रीत दहा वर्षं भटकलाय, किलीमांजारोचं बुकिंग झालंय, आणि सरावाला आधी टांझानियातला मेरू करावा का, असं तुम्ही विचारलंय. करा. फक्त त्याला सराव म्हणू नका. आमच्या घरात या मेरूवरून चार वर्षं वाद चाललाय.

मी आणि माझा मेहुणा गेलो होतो. मोमेला गेटपासून बंदूकधारी रेंजर सोबत असतो, कारण खालच्या जंगलात रानम्हशी फिरतात. पहिला मुक्काम मिरियाकांबा, २,५१४ मीटर. दुसरा सॅडल हट, ३,५७० मीटर, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवली तरी तिथपर्यंत पोचत नाहीत. त्या दुपारी शेजारच्या लिटल मेरू या छोट्या शिखरावर चढून परत यायचं असतं, शरीराला उंचीची ओळख व्हावी म्हणून. मेहुणा झोपून राहिला. डोकं दुखतंय का विचारलं, तर म्हणाला, "दाजी, चहा झाला की उतरेल."

रात्री दीडला निघालो. घसारा आपण पाहिलेला असतो, पण आपल्याकडचा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, मुरलेला. मेरूचा शेवटचा उद्रेक १९१०चा. तिथे पायाखाली राख सरकते, दोन पावलं चढलात की एक खाली येता. ऱ्हायनो पॉइंटच्या पुढे धारेवर तो उलटी करून बसला. उठला तेव्हा सपाट जागेवरही त्याचा तोल जात होता. एका बाजूला खोल विवर, त्यात राखेचा शंकू, आणि हा म्हणतोय, "तासाभराचं तर आहे."

मी रेंजरला सांगितलं, खाली. गट आमच्या दोघांचाच, रेंजर एकच, त्यामुळे माझंही शिखर गेलं. किलीमांजारोमागून सूर्य उगवला तेव्हा आम्ही सॅडल हटच्या पायरीवर होतो आणि त्याचं डोकं दुखायचं थांबलं होतं.

अजूनही प्रत्येक लग्नाकार्यात तो म्हणतो, "दाजी घाबरले." मी घाबरलो नव्हतो. उंचीवर डोकं दुखणं एक, तोल जाणं वेगळं. तोल गेला म्हणजे मेंदूला सूज येत असू शकते आणि त्यावर पहिला उपाय खाली उतरणं. हे त्याला शंभरदा सांगून झालंय. तुमच्यासोबत असा कुणी असेल, तर मागे फिरायचा शब्द कुणाचा हे पुण्यातच ठरवा, आणि ते त्याच्या बायकोसमोर ठरवा.

तुमच्या प्रश्नाचं राहिलंच. मेरूनंतर दोन दिवस जवळच्या आरुशा शहरात आराम करून किलीमांजारोला गेलात तर उंचीची सवय बऱ्यापैकी टिकते. मार्च ते मे टाळा, पाऊस असतो. मी डॉक्टर नाही. उंचीचा त्रास टाळायला घेतात त्या डायमॉक्स गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. आणि लिटल मेरू चुकवू नका, कितीही झोप आली तरी.