दुकानदारांचे प्रश्न: सूट, पावती आणि एक टक्का

प्रश्न: जांभळी नाक्याजवळ आमचं किराणा दुकान आहे. दहा मिनिटांत घरपोच माल देणारी अ‍ॅप आल्यापासून बिस्किटं, साबण, शाम्पूचं गिऱ्हाईक तुटलं. एमआरपीवर पाच टक्के सूट द्यायला लागलो, तरी महिनाअखेर हातात पूर्वीपेक्षा कमीच राहतं. कुठे चुकतंय?

सूट देण्यातच. शंभराच्या वस्तूवर दहा रुपये सुटत असतील, तर पाच सोडल्यावर पाचच उरतात. पूर्वी शंभर नगांवर जे मिळायचं, त्यासाठी आता दोनशे नग खपायला हवेत. तेवढा खप वाढत नाही, कारण सूट मुख्यतः त्यांनाच मिळते जे तसंही तुमच्याकडेच येणार होते. सरसकट सूट बंद करा. द्यायचीच तर महिन्याची पूर्ण यादी रोखीने किंवा यूपीआयने घेणाऱ्याला द्या.

पाकीटबंद मालात तुमचं वेगळेपण काहीच नाही. तोच साबण सगळीकडे. वेगळेपण सुट्या मालात आहे: तांदूळ, डाळी, पोहे, गूळ, खडा मसाला. हा तांदूळ नवा आहे, पाणी कमी घाला, हे अ‍ॅप सांगत नाही. पण सुट्या मालाचा भाव ठरवतानाच बरेच जण बुडतात. समजा वाशीच्या दाणा बंदर या घाऊक धान्यबाजारातून ५० किलो तूरडाळ ९० रुपयांनी आणली, म्हणजे ४,५०० रुपये. टेम्पो-हमाली १००. निवडणं, सांडणं, तोलात जाणं मिळून एक किलो घट. हाती विकण्याजोगी ४९ किलो, म्हणजे पडता भाव ९०चा नव्हे, ९३ रुपये ८८ पैसे. ९०वर दहा टक्के चढवून ९९ला विकलीत, तर नऊ सुटले असं वाटतं. प्रत्यक्षात पाच रुपये बारा पैसे. घट प्रत्येक पोत्याची वहीत लिहा, डाळीची आणि गुळाची वेगळी.

पावसाळ्यात पंधरा दिवसांपेक्षा जास्त साठा नको. पोती फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब, नवं पोतं नेहमी जुन्याच्या मागे. बारावर एक फुकट अशा स्कीमला भुलून संथ खपाचा माल उचलू नका. तेरापैकी दोन नग मुदतीबाहेर गेले की स्कीम तोट्यात. मुदत संपलेला माल परत घेणार का, हे सेल्समनकडून तोंडी नव्हे, बिलावर लिहून घ्या. इलेक्ट्रॉनिक काट्याचं मुद्रांकन, म्हणजे सरकारी तपासणी आणि शिक्का, दरवर्षी लागतं, तेही राहू देऊ नका.

प्रश्न: गोखले रोडवर वडिलांच्या काळापासून पागडीचं, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन कमी भाड्यावर घेतलेलं दुकान आहे. धंदा मंदावलाय म्हणून पुढचा भाग मोबाइल कव्हर विकणाऱ्या मुलाला रोजच्या भाड्याने द्यावा असा विचार आहे. इमारत पुनर्विकासाला जाणार अशी चर्चा आहे आणि मालक तीन महिने भाडं घेत नाही.

आधी त्या मुलाला नाही म्हणा. मालकाच्या लेखी संमतीविना पोटभाडेकरू ठेवणं हे जागा खाली करून मागण्याचं सरळ कारण ठरतं. दुसरा सापळा मंदीतच लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार वाजवी कारणाशिवाय जागा सलग सहा महिने ठरलेल्या कामासाठी वापरली नाही, तरीही ती जाऊ शकते. शटर उघडं ठेवा. वापराचा पुरावा म्हणून विजेची बिलं आणि मालाच्या पावत्या जपा.

मालक भाडं घेत नाही, याचा अर्थ तुम्ही देणं थांबवायचं असा नाही. खातं माहीत असेल तर एनईएफटीने भरा, नसेल तर चेक स्पीड पोस्टाने पाठवा; परत आलेलं पाकीट फोडू नका, तसंच फाइलला लावा. थकबाकीसाठी मालकाला आधी लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावं लागतं. दावा झालाच, तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के सरळ व्याज व खर्चासह भरली की त्या कारणावर ताबा जात नाही. वर्षाला ४ टक्के भाडेवाढ मात्र कायदाच देतो, त्यावर वाद घालू नका.

पावत्या अजून वडिलांच्या नावावर असतील, तर त्यांच्या हयातीत तुम्ही त्यांच्याबरोबर त्याच दुकानात धंदा करत होता याचे कागद जमवा. धंद्याच्या जागेत वारसाचा हक्क ठरताना आधी तेच पाहिलं जातं.

पुनर्विकासाच्या बैठकीत ‘दुकानाला दुकान’ या शब्दावर मान डोलावू नका. नोंदणीकृत करारात चार गोष्टी आकड्यांत हव्यात: कार्पेट क्षेत्र, रस्त्याकडची रुंदी, मजला आणि बांधकामाच्या काळातलं भाडं. पोडियमवर, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगच्या मजल्यांवर, मागच्या बाजूला मिळालेलं तेवढंच क्षेत्र म्हणजे निव्वळ गोदाम.

प्रश्न: राम मारुती रोडवर कपड्यांचं दुकान, उलाढाल सत्तर लाख. जीएसटीची कंपोझिशन योजना घ्यावी का?

दीड कोटीपर्यंत घेता येते आणि उलाढालीवर एक टक्का भरायचा. पण खरेदीवरचा कर परत मिळत नाही, राज्याबाहेर विक्री करता येत नाही. कपड्यांवर पाच टक्के धरून हिशेब असा. १०० अधिक ५ कर देऊन घेतलेला शर्ट १३१.२५ला (१२५ अधिक पाच टक्के कर) विकला: नेहमीच्या पद्धतीत नफा २५ रुपये, कंपोझिशनमध्ये २४.९४. म्हणजे सारखंच. मूळ किमतीवर सत्तावीस टक्क्यांहून जास्त चढवत असाल, तर कंपोझिशन फायद्याची. दुकानाच्या भाड्यावर मालक १८ टक्के जीएसटी लावत असेल, तर तोही तुमच्याच खिशातून जाईल, म्हणून ही रेषा आणखी वर सरकते. गणवेशाच्या ऑर्डर देणाऱ्या कंपन्या गिऱ्हाईक असतील, तर विषयच सोडा. त्यांना कर दाखवणारं बिल हवं असतं.

घ्यायची असेल तर ३१ मार्चपूर्वी सीएमपी-०२ हा अर्ज भरा. त्यानंतर दर तिमाही संपल्यावर पुढच्या महिन्याच्या १८ तारखेपर्यंत सीएमपी-०८ हे कर भरण्याचं विवरण. फलकावर ‘कंपोझिशन करदाता’ लिहावं लागतं आणि ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही. जुन्या बिलबुकातला जीएसटीचा रकाना राहून जातो आणि घोटाळा तिथेच होतो.